उजवा खांदा

"तुमचा मुलगा कुठे असतो?" असं कुणी विचारलं की मी "वेस्ट कोस्टला" एवढंच सांगते. आमच्या न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरमध्ये तेवढ्यावर भागतं. समोरची व्यक्ती "क्युपर्टिनो का?" म्हणते, मी "नाही, बेलव्ह्यू" म्हणते, आणि मग ती स्वतःच एखाद्या कंपनीचं नाव घेऊन समाधानाने मान हलवते. मी ते नाव खोडून काढत नाही. खोडलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल. ऐकायला वेळ कुणाला नसतो, आणि ज्यांना असतो त्यांना मला सांगायचं नसतं.

माझा मुलगा व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होता. सात वर्षं. आउटफिल्डर. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: फलंदाजाने उंच, लांब मारलेले चेंडू पकडायला मैदानाच्या पार मागच्या गवतावर तीन जण उभे असतात, ते आउटफिल्डर. त्यांतला मधला सेंटर फिल्डर. त्याला सगळ्यात जास्त धावावं लागतं, आणि चेंडू हातात आला की तिथून एका दमात मैदानाच्या आतल्या टोकापर्यंत फेकावा लागतो. म्हणजे पाय आणि खांदा, या दोन गोष्टींवर त्याचं पोट. माझ्या मुलाचे पाय शेवटपर्यंत उत्तम होते.

तो लहान असताना माझा नवरा न्यूयॉर्कला एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. सकाळी सहाची ट्रेन, परत येईपर्यंत आठ. मी रेडिऑलॉजिस्ट. सकाळची शिफ्ट मागून घेतली होती, त्यामुळे दुपारी घरी असायचे. मुलाशी खेळायला मीच. एका हाताने चेंडू वर उडवायचा आणि तो खाली येताना बॅटने आभाळात मारायचा, हे मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस आणि उन्हाची टोपी घालून, टाउनशिपच्या मैदानावर शिकले. पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक चेंडू माझ्या पायाशीच पडायचे. तो लांबून ओरडायचा, "आई, हायर!" तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. हॉस्पिटलमध्ये ग्लोव्ह्ज घालताना ते झोंबायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून मला हवा तिथे चेंडू टाकता येऊ लागला. मग मी मुद्दाम त्याच्या डोक्यावरून मारायचे. तो पाठ फिरवून, चेंडूकडे न बघता धावत सुटायचा, आणि चेंडू पडणार तिथे बरोबर पोचून मान वर करायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बॅटचा आवाज ऐकून कळतं, म्हणायचा.

रविवारी सकाळी मराठी शाळा असायची आणि सामनेही रविवारी सकाळीच. एक वर्ष आम्ही दोन्ही कसंबसं ओढलं, मग शाळा सोडली. शाळा चालवणाऱ्या काकूंनी मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "हॉबी म्हणून ठीक आहे गं," त्या म्हणाल्या, "पण आपल्या मुलांचं काय आहे त्यात पुढे?" घरी येऊन मी हे नवऱ्याला चिडून सांगितलं.

"बरोबरच बोलल्या त्या," तो म्हणाला.

मुलगा कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका मोठ्या क्लबने त्याची निवड केली. यादीत अगदी शेवटाकडे, पण केली. कॉलेज अर्धवट सोडून लगेच जायचं होतं. त्या दिवशी जेवताना आम्ही तिघंच होतो.

"एक वर्ष राहिलंय फक्त," नवरा म्हणाला. "डिग्री घे, मग कुठे जायचं तिथे जा."

"बाबा, दे वोन्ट वेट."

"मग नको जाऊस."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जाऊ दे त्याला."

नवरा उठला, स्वतःचं ताट विसळून ठेवलं आणि वर निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुलाशी जेवणखाण आणि हवापाणी यापलीकडे बोलला नाही. त्याचा एकही सामना बघायला आला नाही. आणि मला तो एवढंच म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून गेला तो. लक्षात ठेव."

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाने मुलाचा सत्कार ठेवला. तो फ्लोरिडात होता, म्हणून शाल आणि नारळ मी घेतला. माइकवर त्याच काकू होत्या. "आम्हाला पहिल्यापासून खात्री होती," त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा मागच्या रांगेत बसून फोनमध्ये काहीतरी वाचत होता.

निवड झाली म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या मैदानावर नेऊन उभं करतात असं नसतं. त्याच्या खाली चार-पाच पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर क्लबचा एक छोटा संघ, कुठल्यातरी छोट्या गावात. एकेका पायरीवर निम्मी मुलं गळतात. माझ्या मुलाने पहिल्या तीन पायऱ्या चढायला चार वर्षं घेतली, आणि ते चांगलं समजतात. बसमधून दहा-दहा तास प्रवास, दोघांत एक खोली, सकाळ-संध्याकाळ पिझ्झा. मी रजा साठवून ठेवायचे आणि विमानाने त्या त्या गावी जायचे. दुपारच्या उन्हात, अर्ध्या रिकाम्या स्टँडमध्ये बसून मी त्याला सेंटर फिल्डमध्ये उभा असलेला बघायचे. निवेदक आमच्या आडनावाची रोज नव्याने मोडतोड करायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी सुखात होते, हे आता लिहितानाही मान्य करायला पाहिजे.

त्याचा खोलीतला जोडीदार टेक्सासचा होता. लेफ्ट फिल्डर, म्हणजे मैदानावरही शेजारीच. मी डब्यात थालीपीठं करून न्यायचे, ती हा मुलगा केचप लावून खायचा आणि मला "मॅम" म्हणायचा. चांगला मुलगा होता. खेळात माझ्या मुलापेक्षा थोडा कमी. असं मी नाही, त्यांचा मॅनेजर म्हणायचा.

चौथ्या मोसमात, मे महिन्यात, तो झेल झाला. मी तिथे नव्हते. फोनवर बघितला. फलंदाजाने चेंडू पार मागे मारला, मुलगा पाठ फिरवून धावला, कुंपणाच्या भिंतीपाशी उडी मारली आणि उजव्या खांद्यावर भिंतीला आपटून खाली पडला. मग डावा हात वर केला. ग्लोव्हमध्ये चेंडू होता. ती क्लिप सगळीकडे फिरली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस टाळ्यांच्या रांगा लागल्या होत्या. मीही ती वीसेक वेळा बघितली असेल. शेवटी शेवटी माझं लक्ष झेलाकडे नव्हतं. उठल्यावर त्याने चेंडू धावत आलेल्या टेक्सासच्या मुलाकडे दिला, आणि तो खालून, हलकेच टाकला. सेंटर फिल्डर असा टाकत नाही.

मी फोन केला. "आय'म फाइन, आई," तो म्हणाला. "थोडं सोअर आहे."

जुलैत संघाला चार दिवसांची सुट्टी मिळाली तेव्हा तो घरी आला. जेवताना वरणाचं पातेलं त्याने डाव्या हाताने ओढलं. सकाळी टी-शर्ट घालताना आधी उजवा हात आत सरकवला, मग वाकून डोकं घातलं. मी दारात उभी होते. त्याने मला बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलं आहे.

"उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलला चल," मी म्हणाले.

"टीमला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"आई, आय'म सीरियस. तू माझी डॉक्टर म्हणून बघ. डॉक्टर सांगू शकत नाही ना कुणाला?"

"नाही सांगू शकत," मी म्हणाले.

रविवार होता. ओळखीच्या टेक्निशियनने एमआरआय काढून दिला. स्वतःच्या मुलाचा स्कॅन स्वतः वाचू नये, हे मी शिकाऊ डॉक्टरांना दर वर्षी सांगते. तरी वाचला. खांद्याच्या वाटीभोवती कूर्चेची एक कड असते, तिच्यामुळे हाडाचा गोळा जागेवर राहतो. ती कड वरून मागपर्यंत सुटली होती, आणि वरचा स्नायुबंध चिंधीसारखा विरला होता. दोन महिने तो या खांद्याने चेंडू फेकत होता.

मी त्याला शेजारी बसवून पडद्यावर दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "सप्टेंबरपर्यंत चालेल?"

"चालेल म्हणजे? तू फेकतोस तेव्हा दर वेळी अजून फाटतंय ते."

"पण सप्टेंबरपर्यंत?"

"मला नाही सांगता येणार."

मग त्याने जे सांगितलं ते असं: वरच्या संघाच्या सेंटर फिल्डरला दुसऱ्या क्लबकडे पाठवायच्या हालचाली चालू होत्या. तो गेला की जागा याची. मॅनेजरने बाजूला घेऊन तयार राहायला सांगितलं होतं. तिथून मोठं मैदान एकाच पायरीवर होतं.

"दोन महिने, आई. त्यानंतर काय कापायचं ते कापा."

"आणि हात कायमचा गेला तर?"

"इट्स माय शोल्डर," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी ठरवणार."

मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला एअरपोर्टला सोडलं. डावीकडून एका हाताने त्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "थँक्स." मी दोन दिवस कामावर गेले, लोकांचे खांदे, गुडघे, मणके वाचले. तिसऱ्या दिवशी, डबा खायच्या वेळेत, माझ्या गाडीत बसून मी क्लबच्या डॉक्टरांना फोन केला. मी कोण, काय करते, स्कॅनमध्ये काय आहे, सगळं सांगितलं. ते फार सभ्यपणे बोलले. आभार मानले.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की मी मुलाचा हात वाचवते आहे. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं. "जाऊ दे त्याला" हे मी म्हणाले होते. लुळा हात घेऊन तो घरी आला असता तर नवऱ्याला काही बोलायचीही गरज पडली नसती, तो फक्त माझ्याकडे बघत राहिला असता. ते मला सोसणार नव्हतं. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने पेशंटने विश्वासाने सांगितलेलं असं बाहेर फोडलं असतं तर मी त्याची तक्रार केली असती.

क्लबने त्याला लगेच खेळण्यातून काढलं आणि आठवड्याभरात ऑपरेशन ठरवलं. मी फ्लोरिडाला गेले. मला वाटत होतं, नेहमीच्या तपासणीत सापडलं असं तो समजेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबचे डॉक्टर खोलीत आले. पट्टी बघितली, बोटं हलवायला लावली, आणि जाता जाता हसत इंग्रजीत म्हणाले, "आईचे आभार मान. तिने फोन केला नसता तर हा खांदा गेलाच होता."

ते गेल्यावर मुलाने माझ्याकडे बघितलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मी तुला डॉक्टर म्हणून सांगितलं होतं."

एरवी त्याच्या बोलण्यात निम्मं इंग्रजी असतं. ही दोन वाक्यं अख्खी मराठी होती. मी काहीतरी बोलायला लागले, फाटलेली कड, पुढचं आयुष्य, असलं काहीतरी. त्याने डोळे मिटून घेतले. नर्स आली तेव्हा त्याने तिला सांगितलं की त्याला झोपायचं आहे, आणि मी बाहेर व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात वरच्या संघाचा सेंटर फिल्डर खरोखरच गेला. त्याच्या जागी टेक्सासच्या मुलाला पाठवलं. पुढच्या वसंतात तो मोठ्या मैदानावर पोचला आणि आजही तिथे आहे. नवरा टीव्ही चाळताना कधीकधी तो दिसतो. नवरा चॅनल बदलतो, पण एक क्षण उशिरा. हा मुलगा दर ख्रिसमसला मला कार्ड पाठवतो. त्यात बायको, मुलगी आणि कुत्रा असतात, आणि खाली हाताने लिहिलेलं असतं की तुमची ती भाकरी अजून आठवते. मी कार्ड फाडत नाही. उत्तरही देत नाही.

माझ्या मुलाचं ऑपरेशन यशस्वी झालं. हे वाक्य डॉक्टर म्हणून मी कुठेही लिहून देईन. दुखणं गेलं, हात पूर्ण वर जाऊ लागला. फक्त फेक गेली. सव्वा वर्ष तो तिकडेच राहून व्यायाम करत होता, घरी आला नाही. परत मैदानावर उतरला तेव्हा जो चेंडू पूर्वी थेट आतल्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये जायचा तो दोन टप्पे घेऊन पोचू लागला. समोरच्या संघांना अशी गोष्ट आठवड्यात कळते. त्याच्याकडे चेंडू गेला की धावणारे थांबेनासे झाले, सरळ पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचं पुढचं ठाणं, गाठायचे. मी एकदा न सांगता गेले होते. स्टँडच्या टोकाला, टोपी खाली ओढून बसले. माझ्या मागचा एक माणूस मित्राला म्हणाला, "याच्याकडे चेंडू गेला की बिनधास्त धावा, याला हातच नाही." मी पाचव्या डावात उठून गेले.

त्याला लेफ्ट फिल्डला हलवलं, तिथे फेक जवळची असते. मग एक दिवसाआड बाकावर. आणखी एक मोसम तसा गेला. त्यापुढच्या वसंतात, सरावाच्या शिबिरात, सकाळी कपडे बदलत असताना एका कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं की मॅनेजरने बोलावलंय, बॅग घेऊन ये. बॅग घेऊन ये म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. खोलीतल्या बाकीच्यांनी खाली बघितलं, म्हणे.

हे सगळं मला नवऱ्याकडून कळलं, कारण मुलाने फोन त्याला केला. मला नाही. ज्या माणसाने त्याला एक चेंडू मारून दिला नव्हता, एक सामना बघितला नव्हता, त्याला. नवरा तेव्हा नुकताच रिटायर झाला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थांब तिथेच, मी येतो." दुसऱ्या दिवशी विमानाने गेला. दोघं मुलाच्या गाडीतून दोन दिवस ड्राइव्ह करत घरी आले, मागे बॅटी आणि कपड्यांच्या पिशव्या. वाटेत काय बोललात, मी विचारलं.

"काही नाही," नवरा म्हणाला. "गाणी ऐकली."

मुलगा तीन आठवडे राहिला. माझ्याशी वाईट वागला नाही. ताट उचलायचा, थँक्यू म्हणायचा, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा. बापाशी मात्र तासन्‌तास गॅरेजमध्ये काहीतरी दुरुस्त करत बसायचा. एक दिवस मला राहवलं नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "हात घट्टे पडेपर्यंत मी त्याला शिकवलं. आणि आता तुम्ही दोघं."

"तू तो फोन करायला नको होतास," तो म्हणाला.

"माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"गप्प बसलो असतो. तेवढं मला येतं."

त्यानंतर आम्ही हा विषय काढलेला नाही.

मुलगा आता बेलव्ह्यूला एका बंदिस्त ट्रेनिंग सेंटरमध्ये मुलांना बेसबॉल शिकवतो. गोदामासारखी मोठी इमारत, आत जाळ्या आणि खोटं गवत. शिकायला येणारी बरीचशी मुलं आपलीच, आईबाप तिथल्या टेक कंपन्यांत. गेल्या वसंतात मी चार दिवस गेले होते. दर रविवारी त्याचा फोन येतो तो नवऱ्याच्या फोनवर. नवरा कीव येऊन स्पीकर लावतो आणि मी लांबून ऐकते. त्या लांबून ऐकण्याला मी कंटाळले होते. म्हणून तिकीट काढलं आणि मग कळवलं.

तिसऱ्या दिवशी सेंटरमध्ये बाकावर बसले होते. शेजारी एक तरुण बाई आली, नागपूरची, मुलीला घेऊन. मी सरांची आई आहे हे कळल्यावर फार आदराने बोलायला लागली. सर खूप पेशन्टली शिकवतात, मुलगी त्यांचंच ऐकते, वगैरे. मग म्हणाली, "सर प्रोफेशनल खेळायचे ना, मावशी? मग वरपर्यंत का नाही गेले?"

"खांदा दुखावला होता."

"अरेरे," ती म्हणाली. "वेळेत डॉक्टरला दाखवलं नव्हतं का?"

"दाखवलं होतं," मी म्हणाले.

परत निघाले त्या दिवशी एअरपोर्टच्या वाटेवर रस्ता तुंबला होता. गाडी जागच्या जागी उभी. एवढ्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "माझं चुकलं का रे?"

"आई, डोन्ट."

"नाही, सांग मला."

तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. पुढची गाडी हलली, मग आमची. "मेडिकली यू वेअर राइट," तो म्हणाला. मी वाट बघितली, पुढे काही येईल म्हणून. मैलभर गेल्यावर म्हणाला, "नेक्स्ट टाइम हॉटेलमध्ये उतर. माझ्या सोफ्यावर तुला कम्फर्टेबल होत नाही."

"बरं," मी म्हणाले.

त्याने मला दारापाशी सोडलं, बॅग काढून दिली, सांभाळून जा म्हणाला. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी आत गेले. सिक्युरिटीच्या रांगेत उभी होते तेव्हा नवऱ्याचा मेसेज आला: "तू पोचलीस एअरपोर्टला, त्याने आत्ताच मला फोन करून कळवलं."